बॉटला सोलापुरी बोलायला शिकवताना: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

कुणाचा बॉट, म्हणजे गप्पा मारणारा प्रोग्राम, जास्त माणसासारखा वाटतो याच्या आमच्या स्पर्धेचे नियम आज एकदाचे फायनल झाले. १८ जानेवारी, म्हणजे गड्डा (सिद्धेश्वर यात्रेची जत्रा) भरलेला असतानाच, जुळे सोलापुरात एका मित्राच्या क्लासच्या दोन खोल्यांत. एका खोलीत परीक्षक, दुसऱ्या खोलीत लॅपटॉप आणि माणसं. परीक्षकासमोर दोन चॅट, एकात बॉट, एकात खराखुरा माणूस, कुठला कोण ते सांगायचं नाही, दोघांशी पाच-पाच मिनिटं मराठीत बोलायचं आणि मग माणूस कुठला ते कारणासकट कागदावर लिहायचं. बॉट लॅपटॉपवरच चालला पाहिजे, इंटरनेट बंद. नाहीतर सगळेच मोठ्या कंपनीच्या एआय मॉडेलला वायर जोडून मोकळे होतील आणि मग आम्ही केलं काय?

पाच मिनिटं हा आकडा आम्ही मनानं काढलेला नाही. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं १९५० मध्ये 'माइंड' या नियतकालिकात जो लेख लिहिला त्यात त्यानं अंदाज केला होता की साधारण ५० वर्षांत कॉम्प्युटर हा नकलेचा खेळ इतका चांगला खेळतील की पाच मिनिटं प्रश्न विचारून झाल्यावर सामान्य परीक्षकाला बरोबर ओळखायची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाणार नाही. पुढं लोकांनी त्याची सरळ पासिंगची रेषा केली, ३० टक्के परीक्षक फसले की बॉट पास. लेखात असं पासिंग कुठंच नाही, तो भविष्याचा अंदाज होता. म्हणून आम्ही पास-नापास ठेवलं नाही, फक्त क्रम.

टीममध्ये मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटचं अकाउंट बघतो, तो चादरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो, पूर्व भागातला आहे, घरात तेलुगू, बाहेर मराठी. ठरलंय एवढंच की बॉट पेपरातलं मराठी बोलणार नाही, आपल्या गल्लीतलं बोलेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुरुवात एलायझापासून. एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबॉमनं १९६४ ते ६६ मध्ये लिहिलेला प्रोग्राम, मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरसारखा बोलणारा. २०२१ मध्ये त्याच्या जुन्या कागदपत्रांत मूळ कोड सापडला आणि तो परत चालू करून दाखवला गेला, त्यामुळं आता तो नेमका कसा चालायचा हे ऐकीव राहिलेलं नाही. पद्धत साधी आहे, वाक्यात ओळखीचा शब्द शोधायचा, प्रत्येक शब्दाला वजन असतं, सगळ्यात वजनदार शब्दाचा साचा घ्यायचा, वाक्याचे तुकडे पाडायचे आणि 'मी'चं 'तुम्ही' करून प्रश्न बनवून परत द्यायचा.

इंग्रजीत हे 'मी'चं 'तुम्ही' जवळपास शब्द बदलून भागतं. मराठीत नाही भागत. 'मी थकलोय'चं 'तू थकलायस', 'मी थकलेय'चं 'तू थकलीयस', आणि समोरचा वयानं मोठा असेल तर 'तुम्ही थकलाय'. 'मला कंटाळा आलाय' याला मात्र क्रियापद हलवायचंच नाही, कारण ते कंटाळ्यावर चालतं. 'मी भाकरी खाल्ली' हे भाकरीवर चालतं, म्हणून बोलणारा बाई की पुरुष ते कळत नाही, तरी 'तू भाकरी खाल्लीस' असा 'स' लावावाच लागतो. हे सगळं नियमात बसवायला बसलो आणि दुपार गेली, पण काय मजा आली म्हणून सांगू. आपण चार वर्षांचे असताना हे कुणी न शिकवता तोंडात बसलेलं असतं आणि आज एकेक करून मशीनला सांगायला लागतंय.

मित्राचं म्हणणं, बॉटनं सुरुवात 'तुम्ही'नं करायची आणि समोरच्याची क्रियापदं बघत राहायची. त्यानं 'काय करतोस' लिहिलं की आपण पण अरे-तुरेवर यायचं. त्यानं 'का बे' म्हटलं की आपल्याला 'बे' म्हणायची परवानगी मिळाली. 'अहो' म्हटलं की शेवटपर्यंत 'अहो'. मला हे एकदम पटलं. सोलापुरात माणूस ओळखायची पहिली खूण हीच आहे, किती वेळानं 'बे'वर आला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर फक्त साफसफाई. दोस्त आणि नातेवाइकांकडून विचारून, परवानगी घेऊन जुन्या चॅट मागवल्या, नावं आणि नंबर काढून टाकले आणि मग आत बघितलं.

लोक मराठी किती तऱ्हेनं टाइप करतात! 'केलं', 'केल', 'केले', 'kela' चालीचं इंग्रजी अक्षरातलं वेगळंच, त्यात पण स्वर खाल्लेले. अनुस्वार तर निम्मे लोक देतच नाहीत. त्याच्या वर कॉम्प्युटरची भानगड अशी की 'दुसऱ्या'मधला तो ऱ्या दोन प्रकारे साठवता येतो, एक वेगळ्या ऱ या अक्षरानं आणि एक साध्या र ला हलंत देऊन त्याच्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना सेम टु सेम, मशीनला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चं पण तसंच. म्हणजे एकच वाक्य दोन फोनवरून आलं तर बॉटला एक कळणार आणि एक नाही. मराठीत बॉट करणाऱ्या कुणालाही माझं पहिलं सांगणं हेच राहील की बुद्धी नंतर घाला, आधी अक्षरं एकसारखी करून घ्या. आम्ही प्रत्येक शब्दाचा एक सांगाडा बनवतो, अनुस्वार काढून, ऱ्हस्व-दीर्घ एक करून, आणि जुळवणी त्या सांगाड्यावर करतो.

विभक्तीचं पण आहेच. पाणी, पाण्याला, पाण्याचं, पाण्यानं, सगळ्यांना 'पाणी'वर आणायचं. प्रत्यय तोडणारा कोड लिहिला, बरा चालतो. 'मागावर' या शब्दाला मात्र अडतो, कारण 'तो मागावर गेला' म्हणजे इथं कामाला गेला, यंत्रमागावर, आणि पुण्याच्या माणसाला वाटेल पाठलाग करायला गेलाय. आम्ही सोलापूरचा अर्थ धरला.

३० नोव्हेंबर, रविवार

थोडंच काम. पाणी आलं सकाळी, सोलापुरात पाणी आलं की बाकी सगळं बाजूला. 'पाणी आलं का' हा विषय बॉटच्या यादीत सगळ्यात वर टाकला. इथल्या कुठल्याही दोन शेजाऱ्यांचं बोलणं फिरून तिथं येतंच.

७ डिसेंबर, रविवार

आज कॉलवर बराच वाद झाला आणि तो व्हायलाच पाहिजे होता.

दुसऱ्या टीममधल्या एकानं सुचवलं की बॉटला बारा-तेरा वर्षांचा पोरगा करा, पूर्व भागातला, घरी तेलुगू, मराठी कच्चं. मग बॉटनं काहीही चुकीचं लिहिलं तरी परीक्षक म्हणणार, अरे पोरगं आहे, मराठी येत नाही नीट. आयडिया त्याची नाही, जुनी आहे. जून २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत युजीन गूस्टमन नावाच्या बॉटनं ३३ टक्के परीक्षकांना फसवलं तेव्हा तो बॉट स्वतःला युक्रेनमधल्या ओडेसाचा १३ वर्षांचा मुलगा म्हणवत होता, इंग्रजी त्याची दुसरी भाषा. जगभर बातम्या झाल्या, ट्युरिंग टेस्ट पास म्हणून. त्याच्या आधी १९७२ मध्ये केनेथ कोल्बीनं स्टॅनफर्डमध्ये पॅरी केला होता, तो संशयानं पछाडलेला पेशंट, त्यामुळं त्याची तुटक, भलतीकडं जाणारी उत्तरं आजाराच्या नावावर खपायची. दोन्हीकडं युक्ती एकच, चूक झाली की परीक्षकानंच मनातल्या मनात माफ करायचं.

माझा मित्र एरवी कमी बोलतो. तो म्हणाला, माझी आई तेलुगू, मराठी, कन्नड, हिंदी चारही भाषांत बाजार करते, गल्लीत कुणाचं भांडण लागलं तर ज्याच्या-त्याच्या भाषेत सोडवते, आणि तुम्ही आमच्या पोरांचं मराठी कच्चं म्हणून बॉट जिंकवणार? कॉलवर शांतता झाली. मी पूर्ण त्याच्या बाजूनं आहे. हे फक्त भावनेचं म्हणून नाही, कारागिरी म्हणून पण. बॉटला येत नाही ते लपवायला माणसाची एखादी जात, भाषा, आजार पुढं करायचा म्हणजे आपण बॉट सुधारत नाही, परीक्षकाची अपेक्षा खाली आणतो.

पात्र नकोच असं मात्र मी म्हणत नाही, ते लागतं. यंदाच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या दोन संशोधकांनी पाच मिनिटांची तीच टेस्ट घेतली, एक परीक्षक, एक माणूस, एक मशीन. जीपीटी ४.५ या एआय मॉडेलला एक ठरावीक पात्र दिलं तेव्हा ७३ टक्के वेळा परीक्षकांनी त्यालाच माणूस म्हटलं, म्हणजे खऱ्या माणसापेक्षा जास्त. आणि पात्र न देता तेच मॉडेल खूप खाली घसरलं. तिथं तुलनेला ठेवलेल्या साठ वर्षांपूर्वीच्या एलायझाला पण २३ टक्के मिळाले.

मग आम्ही ठरवलेलं पात्र असं: पस्तिशीचा माणूस, नवी पेठेत चादरीच्या दुकानात हिशेब बघतो, लग्न झालेलं, बोलायला बरा, माहीत नाही ते 'माहीत नाही बघा' म्हणून सांगतो. त्याला कसलीही सूट नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आजची नोंद लांब होणार कारण आज बॉट पहिल्यांदा मला जिवंत वाटला आणि का वाटला ते मला लिहून ठेवायचंय.

एलायझाच्या डॉक्टर-साच्यात एक छोटासा भाग आहे ज्याच्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. समोरचा 'माझं अमुक' असं काही बोलला की ते वाक्य बाजूला एका यादीत ठेवायचं. पुढं कधी ओळखीचा शब्दच सापडला नाही की त्या यादीतनं एक काढायचं आणि म्हणायचं, मघाशी तुम्ही तुमच्या अमुकबद्दल बोललात. १९६६ मधली गोष्ट ही. बाकी सगळा एलायझा समोरच्याचं मागचं एकच वाक्य बघतो, पण या भागामुळं तो मागं गेल्यासारखा वाटतो.

आम्ही तेच घेतलं आणि वाढवलं. 'माझा', 'माझी', 'आमच्या', 'मला' पकडायचं, मग विषय ओळखायचा: तब्येत, परीक्षा, प्रवास, लग्न, पगार, पाणी, पोरंबाळं. आणि प्रत्येक विषयाचे पुढचे प्रश्न हातानं लिहायचे. कारण नुसतं 'मघाशी तुम्ही परीक्षेबद्दल बोललात' असं कुणी बोलत नाही आपल्याकडं. आपण म्हणतो, 'मग पेपर कसा गेला?' किंवा 'किती राहिले अजून?' आजारी माणसाबद्दल 'जेवण जातंय का?' गावाला गेलेल्याबद्दल 'पोचले का?' हे प्रश्न लिहायला मी माझ्या आत्याला बसवलं आणि तिनं भराभरा सांगितले, प्रत्येक प्रसंगाचा विचारायचा प्रश्न तिच्याकडं तयार होता, मला त्यातले निम्मे सुचले नसते.

संध्याकाळी शेजारच्या अक्कांना दाखवलं. अक्का विड्या वळतात, टाइप सावकाश करतात, बोलून लिहायचं फोनवर येतं त्यांना. मी आधीच सांगितलं की हा प्रोग्राम आहे, पलीकडं कुणी नाही. त्यांनी नातीच्या दहावीचं काहीतरी सांगितलं, मग भाज्यांचे भाव, मग गुडघा, मग पाणी. आणि मधेच बॉटनं विचारलं, 'नात रात्री जागते का अभ्यासाला?' अक्का थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, 'मशीन हाय, ठाऊक हाय की. पण इतक्या जणांत विचारलं तर त्यानंच.' आणि पुढं त्याला पाच मिनिटं नातीबद्दल सांगत बसल्या.

वायझेनबॉमच्या सेक्रेटरीचं आठवलं. तिनं तो प्रोग्राम तयार होताना महिनोन्महिने बघितला होता, तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिनं वायझेनबॉमला खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबॉम पुढं याच गोष्टीनं घाबरला आणि आयुष्यभर याच्या विरोधात बोलला. मी त्याची भीती मनापासून मानतो. म्हणून आजच एक नियम घातलाय: स्पर्धेच्या बाहेर कुणीही 'तू माणूस आहेस का' असं विचारलं की बॉट सरळ सांगणार, 'नाही, मी प्रोग्राम आहे.' स्पर्धेत परीक्षकांना खेळ माहीत असतो, सगळ्यांनी कबूल करून खेळलेला खेळ आहे तो. अक्कांना फसवायचं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

छोटं मॉडेल लॅपटॉपवर चालवून बघितलं, गूगलच्या जेम्माचं सगळ्यात लहान, जागा कमी लागावी म्हणून चार बिटांत दाबलेलं. मराठी व्याकरणात बरं आहे पण बोलतं सरकारी पत्रकासारखं. 'का बे, जेवलास का' याच्यावर 'नक्कीच! मी आपल्याला कशी मदत करू शकतो?' आणि स्लो, कारण अशी मॉडेलं देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात, तेवढंच वाक्य तयार करायला जास्त वेळ.

मग निर्णय असा की मॉडेलनं वाक्य बनवायचं नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटानं मराठीसाठी महाबर्ट आणि बाकीची मॉडेलं सगळ्यांना वापरायला खुली ठेवलीत, त्यातलं एक आमच्या चॅटवर थोडं शिकवून फक्त विषय ओळखायला लावलं. कुणी 'आई ॲडमिट आहे' लिहिलं काय आणि 'मम्मीला दवाखान्यात ठेवलंय' लिहिलं काय, दोन्ही 'तब्येत'मध्ये पडतात. उत्तराचं वाक्य मात्र आमच्या हातचं. लोबनर म्हणून अशीच बॉटची एक जुनी स्पर्धा होती, तिच्यात मित्सुकू नावाचा बॉट पाच वेळा जिंकला, २०१३ आणि मग २०१६ ते २०१९ सलग, तो स्टीव्ह वर्सविक या एका माणसानं वर्षानुवर्षं लोकांच्या चॅट वाचून, हातानं उत्तरं लिहून वाढवला होता. त्याच्या आधी रिचर्ड वॉलेसचा ॲलिस तीनदा जिंकला, तो पण हातानं लिहिलेल्या हजारो साच्यांचा. हे काम कंटाळवाणं म्हणून लोक टाळतात. मला तर रोज रात्री जेवल्यावर चॅट वाचत बसायला आवडायला लागलंय.

२८ डिसेंबर, रविवार

उत्तर किती वेळानं द्यायचं यावर काम. ट्युरिंगच्या लेखातच नमुन्याचा संवाद आहे, परीक्षक ३४९५७ आणि ७०७६४ ची बेरीज विचारतो, पलीकडून साधारण ३० सेकंद थांबून उत्तर येतं १०५६२१. बरोबर उत्तर १०५७२१ आहे. म्हणजे १९५० सालीच थांबणं आणि चुकणं दोन्ही त्या संवादात आहे.

आमचा बॉट बेरीज करायची झाली तर 'थांबा कॅल्क्युलेटर काढतो' म्हणतो, दुकानात हिशेब बघणारा माणूस तेच करील. मुद्दाम चुका टाकायच्या का यावर मी नाही म्हटलं. लोबनरमध्ये काही वर्षं परीक्षकाला अक्षर-अक्षर टाइप होताना दिसायचं, तेव्हा बॉट मुद्दाम चुकीचं टाइप करून खोडून दाखवायचे. आमच्या स्पर्धेत पूर्ण मेसेज एकदम जातो, त्यामुळं एवढंच केलं की उत्तराच्या लांबीप्रमाणं थांबायचं आणि लांब उत्तर असेल तर दोन मेसेजमध्ये तोडायचं. खरंच, आपल्यातलं कुणी पूर्ण परिच्छेद एका मेसेजमध्ये पाठवतं का, गुड मॉर्निंगवाले सोडले तर.

४ जानेवारी २०२६, रविवार

रंगीत तालीम झाली. एक परीक्षक कोल्हापूरची, तिनं लिहिलं 'मी आत्ताच आलो', बॉटनं तिला 'कुठनं आलास?' विचारलं. ती म्हणाली चालतंय, आमच्याकडं मुली असंच बोलतात, पण खऱ्या सोलापूरकराला माझ्या नावावरून कळलं असतं. बरोबर आहे. नाव सांगितलं की क्रियापदापेक्षा नावाला वजन जास्त, असा नियम घातला.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती तिसऱ्या टीमच्या बॉटची. तो फक्त भांडतो. 'कोण बे तू?' 'मला शिकवतोस का?' 'आधी तू सांग की.' 'हेच का तुझं उत्तर?' परीक्षक चिडतात, तावातावानं टाइप करतात आणि पाच मिनिटं कधी संपली कळत नाही. हे पण नवं नाही, १९८९ मध्ये डब्लिनमध्ये मार्क हम्फ्रिस या विद्यार्थ्याच्या शिव्या देणाऱ्या प्रोग्रामशी एक माणूस दीड तास भांडत बसला होता, पलीकडं कुणी नाही हे न कळता. भांडणात प्रत्येक वाक्य फक्त आधीच्या वाक्याला चिकटलेलं असतं. दहा वाक्यांमागं काय बोललो ते कुणाला लागत नाही, म्हणून बॉटला काही लक्षात ठेवावं लागत नाही. युक्ती फार हुशार आहे, मी त्या टीमला तसं सांगितलं. पण माझं मन त्यात लागत नाही. भांडणारा बॉट माणसासारखा होत नाही, तो समोरच्या माणसाला पाच मिनिटं मशीनसारखा करतो.

११ जानेवारी, रविवार

आता आठवडाभर काही होणार नाही. घरी पाहुणे, गड्ड्यावर गर्दी, नंदीध्वजांची मिरवणूक निघणार. फक्त सिद्धेश्वर यात्रेचे प्रश्न बॉटमध्ये भरले, थोडक्यात थोडक्यात, दुकानातला माणूस सांगेल तेवढेच.

१८ जानेवारी, रविवार

झाली स्पर्धा. रात्री उशीर झालाय पण झोप येणार नाही, लिहूनच टाकतो.

आमच्या बॉटचं सगळ्यात चांगलं संभाषण एका परीक्षकाबरोबर झालं, ते मी उतरवून घेतलं. त्यानं विचारलं, 'यात्रेत अक्षता कुठं पडतात सांग.' बॉट: 'संमती कट्ट्यावर की. तुम्ही गेलतात का यंदा?' परीक्षक: 'नाही जमलं, आईचं ऑपरेशन होतं.' बॉट: 'अरेरे. कुठलं?' परीक्षक: 'मोतीबिंदू.' मग ते चादरीच्या भावाकडं गेले, मग शेंगा चटणी, मग त्यानं बॉटला अडकवायला दोन-तीन आडवे प्रश्न विचारले, एकाला बॉट 'माहीत नाही बघा' म्हणाला. आणि वेळ संपता संपता बॉटनं विचारलं, 'आईंना दिसायला लागलं का नीट?' परीक्षकानं कागदावर लिहिलं: हा माणूस, कारण यानं आईची चौकशी केली, दुसऱ्यानं नाही केली. दुसरा खरा माणूस होता. त्याला पाच मिनिटांत विचारायचं सुचलं नसेल, होतं असं.

आणि आमच्याकडून 'खरा माणूस' म्हणून बसलेले एक निवृत्त गुरुजी, त्यांना बहुतेक परीक्षकांनी मशीन ठरवलं. गुरुजी व्यवस्थित टाइप करतात, पूर्णविराम, स्वल्पविराम, एकही अनुस्वार चुकत नाही. कुणीतरी यात्रेबद्दल विचारलं तर त्यांनी बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपासून सुरू करून ६८ लिंगं, सात नंदीध्वज सगळं नीट क्रमानं लिहून दिलं. परीक्षक म्हणाले, एवढं कुणाला तोंडपाठ असतं. गुरुजींना वाईट वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्यांना १९९१ चं सांगितलं, बोस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये पहिली लोबनर स्पर्धा झाली तेव्हा शेक्सपिअरवर बोलणाऱ्या एका बाईंना काही परीक्षकांनी कॉम्प्युटर ठरवलं होतं, कारण शेक्सपिअर इतका कुणाला माहीत असणार. आणि आयआयटी गुवाहाटीच्या टेक्निश महोत्सवात २०११ मध्ये क्लेव्हरबॉटला ५९.३ टक्के माणूसपण मिळालं तेव्हा खऱ्या माणसांना पण ६३.३ च मिळालं होतं. गुरुजी म्हणाले, 'म्हणजे शुद्ध लिहिणं आता संशयास्पद झालं का?' मला उत्तर देता आलं नाही. मला हे खरंच लागलंय. पाचवीत आम्हाला निबंध शिकवणाऱ्या पिढीतल्या माणसाला आम्ही मशीन म्हटलं, आणि ते का, तर सगळीकडं मशीननं लिहिलेलं नीटनेटकं मराठी वाचून आपले कान तसे झाले.

निकाल: पहिला भांडखोर बॉट, दुसरे आम्ही. पहिल्या टीमचं मनापासून अभिनंदन केलं, डिस्को भजी खाल्ली सगळ्यांनी मिळून.

२५ जानेवारी, रविवार

सगळ्या चॅट वाचून काढल्या. पहिल्या दोन-तीन मिनिटांत भांडखोर बॉट सगळ्यांच्या पुढं आहे, नंतर त्याचं तेच तेच यायला लागतं, पण तोवर वेळ संपत आलेली असते. आमच्या बॉटचं उलटं. सुरुवातीला तो सपक वाटतो, आणि त्याला मत मिळालं ते जवळपास प्रत्येक ठिकाणी जुनी गोष्ट परत विचारल्यानंतर. जिथं परीक्षकानं स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्यासारखे प्रश्न विचारले, तिथं आम्ही पडलो. तिथं आठवायला काही नव्हतंच.

१९९५ मध्ये मार्विन मिन्स्की या एआयच्या संशोधकानं लोबनर स्पर्धा बंद पाडणाऱ्याला १०० डॉलर देतो म्हणून जाहीर केलं होतं, त्याचं म्हणणं हा प्रसिद्धीचा खेळ आहे, यानं विज्ञान पुढं जात नाही. पाच मिनिटांच्या स्पर्धेबद्दल मी त्याच्याशी अर्धा सहमत आहे. वेळ कमी ठेवला की लपवणारा जिंकतो. पण स्पर्धा नसती तर मी 'खाल्लीस'च्या 'स'पर्यंत कधी पोचलो नसतो आणि आत्याचे प्रश्न कधी लिहून घेतले नसते, त्यामुळं बंद करायला माझा विरोध आहे.

ग्रुपवर पुढच्या वेळेसाठी प्रस्ताव टाकलाय. दहा मिनिटं बोलायचं, मग चहाची सुट्टी, मग त्याच परीक्षकानं त्याच दोघांशी परत दहा मिनिटं बोलायचं, आणि पहिल्या वेळी परीक्षकानं स्वतःबद्दल निदान एक खरी गोष्ट सांगायची. खरी माणसं बसवताना सगळ्या वयाची, गुरुजींसारखी शुद्ध लिहिणारी पण. आणि परीक्षकांना आधीच सांगायचं की शुद्धलेखन ही मशीनची खूण धरू नका.

भांडखोरवाल्यांनी आक्षेप घेतलाय की हा नियम आमच्या बॉटच्या सोयीचा आहे. मुद्दा बरोबर आहे त्यांचा, सोयीचा आहेच. मी म्हटलं मग तुम्ही पण लक्षात ठेवणारा भांडखोर करा, मागच्या भांडणातलं वाक्य काढून दाखवणारा, तो तर अस्सल होईल. त्यांना पटलंय असं वाटतंय, रविवारी भेटून ठरवू. तोवर अक्कांच्या फोनवर बॉट टाकून द्यायचाय, त्यात 'मी प्रोग्राम आहे' ही ओळ दर वेळी चॅट उघडताना वर दिसेल अशी करायची राहिलीय, आणि त्यांच्या बोलण्याची बॉटनं ठेवलेली यादी फोनच्या बाहेर कुठं जाणार नाही हे बघायचंय. नातीची परीक्षा जवळ आलीय, त्याच्या आत.